वेळेवर आलेली मैत्रीण

मे महिन्यात पनवेलमध्ये वाचायचं असेल तर ते सकाळीच. नऊ वाजले की खाडीकडची दमट हवा अंगाला चिकटते आणि दुपारी पंख्याखाली बसूनही डोळे मिटायला लागतात. शाळांना सुट्ट्या, घरात पाहुणे, गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडया आणि बाजारात डोंगरभागातून आलेल्या ठाकर-कातकरी बायकांच्या टोपल्यांतली करवंदं आणि जांभळं. अशा दिवसांत जाडजूड, टिपांनी भरलेलं पुस्तक हातात धरवत नाही. हवी असते एक साधी, सरळ, वाहती कादंबरी. चार-पाच बायका असतात तिच्यात. एकीचं लग्न मोडायच्या बेतात आहे, दुसरीला तपासणीचा रिपोर्ट आलाय आणि तिने तो कुणाला दाखवलेला नाही, तिसरीचा मुलगा महिनोन्‌महिने बोलत नाही, चौथी कर्जात आहे. काही निमित्ताने त्या एकत्र येतात, एखादं घर, एखादी सहल, एखादं दुकान. भांडतात, हसतात, खूप खातात. शेवटी सगळ्यांचं सगळं सुटलेलं नसतं, पण कुणी एकटी राहिलेली नसते.

अशा पुस्तकांना आपल्याकडे ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारतात. ज्यांना ती आवडतात त्याही आवडल्याचं जरा दबकत सांगतात. मला मात्र गेली काही वर्षं असं वाटत आलंय की अशा कादंबरीत एक फार कामाची गोष्ट असते आणि आपण ती वाचताना हातची सोडतो. आपण नेहमी दुःख असलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवतो. तिच्यासारखंच माझं, असं म्हणत पानं उलटतो. पण लेखिकेचं खरं कसब असतं ते दुसऱ्या बाईत. जी दार वाजवते तिच्यात. ती कधी येते, आल्यावर पहिलं काय बोलते, काय विचारत नाही, किती वेळ थांबते, निघताना काय ठेवून जाते. आज सकाळी तिच्याकडे बघू.

मराठी कादंबरीची सुरुवातच तिच्यापासून झाली, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण ती परीक्षेपुरती पाठ करतो. तिच्यात यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. पुढे वैधव्य तिच्यावरही येतं, पण पुस्तकाचा मोठा भाग ती ऐकतेच आहे. पदमनजींचा हेतू धर्मप्रसाराचा आणि सुधारणेचा होता, कादंबरी म्हणून तिच्यात कच्चेपणाही पुष्कळ आहे. तरी ही गोष्ट मोलाची आहे की आपल्या भाषेतल्या पहिल्या नायिकेचं पहिलं काम दुसऱ्या बायकांचं म्हणणं ऐकून घेणं हे होतं.

त्यानंतर हरिभाऊ आपट्यांची यमू आली. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ हे नावच एका बाईने विचारलेला प्रश्न आहे. ही कादंबरी छापली गेली ती हरिभाऊंनी 1890 साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकात, क्रमाक्रमाने. घरातल्या सगळ्यांनी बसून वाचावं, मन रमावं म्हणून काढलेल्या साप्ताहिकातून, आठवड्या-आठवड्याने, महाराष्ट्राने केशवपनाची आणि सासुरवासाची ती गोष्ट वाचली. करमणुकीच्या वाटेने दुःख घरात शिरलं म्हणून ते माजघरापर्यंत पोहोचलं. गंभीर निबंध तिथवर गेले नसते, कारण माजघरातल्या बाईच्या हाती निबंध कोण देणार होतं? हलकं वाचन हे दुय्यम वाचन, असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं.

आणि कादंबरीच्याही आधी जातं होतं. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओवी धरायची, दुसरीने तिला साथ द्यायची, मग दुसरीने आपली धरायची. दळण थांबत नसे आणि सांगणंही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हा संग्रह आता ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. त्यात आई आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आंबेडकर आहेत, आणि दारू पिणारा नवरा, वाटणी न देणारे दीर, मूल नसल्याचे टोमणेही आहेत. मला त्यात सगळ्यात विलक्षण वाटते ती समोर बसलेली बाई. जिची ओवी त्या क्षणी नाही, ती. तिने सल्ला दिलेला नाही. तिने खुंटा सोडलेला नाही. पीठ पडत राहिलं आणि तिने पुढची ओळ उचलली. ऐकणारीचे हात कामात असले की सांगणारीला डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि अवघडातलं अवघडही तोंडातून बाहेर पडतं. आजही भाजी निवडताना, पापड लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना जे सांगितलं जातं ते समोरासमोर खुर्चीत बसून सांगितलं जात नाही.

आपल्या पनवेलच्या स्टेशनवर ही जागा मी रोज बघते. हार्बरची गाडी इथूनच सुटते, म्हणून इथून चढणाऱ्या बायकांना बसायला मिळतं आणि मुंबईपर्यंत सव्वा तासाच्या वर वेळ हातात येतो. 1998 साली लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हा नोकरी करणाऱ्या कितीतरी जणींचं आयुष्य बदललं. तिकडे पश्चिम रेल्वेवर त्याआधीच, 5 मे 1992 रोजी, चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली होती. बायकांच्या डब्याबद्दल भांडणांचे किस्से पुष्कळ सांगतात, आणि भांडणं होतातही. पण त्याच डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, नवरात्रात रोजच्या रंगाची साडी ठरते, परतीच्या गाडीत मेथी निवडली जाते. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते, आणि ती बसावी म्हणून बाकीच्या तिघी अंग चोरून घेतात. घरी किंवा ऑफिसात जे बोलता येत नाही ते मानखुर्दच्या पुढे खाडीपुलावर गाडी आली की निघतं. सासरच्यांनी ठेवून घेतलेले दागिने, गर्भपात, बदली, मुलीच्या फोनमध्ये सापडलेला मेसेज. ऐकणारी कधी मोबाइलमधलं वाचन थांबवते, कधी नुसती आपली बाटली पुढे करते.

त्या डब्यात मी अशा कादंबऱ्या वाचल्या जाताना पाहिल्यात. जुन्या पिढीतल्या बायका वाचनालयाचं पुस्तक पिशवीतून आणायच्या, जपून, प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेलं. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर, ज्योत्स्ना देवधर. आता बरंच वाचन फोनवर चालतं. वाचनालयांतून या लेखिकांनी घराघरात जे पोचवलं त्याचा नीट अभ्यास आपण केला नाही याचं मला वाईट वाटतं. अशाच लेखिकांपैकी आणखी दोघी पेशाने डॉक्टर होत्या, सुमति क्षेत्रमाडे आणि रत्नागिरीच्या कुसुम अभ्यंकर. कुसुमताई तर आमदारही झाल्या. दवाखान्यात बाई येते ती डोकं दुखतंय म्हणून. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही तर पाचव्या मिनिटाला खरं दुखणं बाहेर येतं. अशा पाचव्या मिनिटाची वाट बघणाऱ्या बाईने कादंबरी लिहिली तर तिच्या पात्रांना लोक ओळखणारच. लोकप्रियता ही काही फक्त गोड शेवटाची कमाई नव्हती.

विभावरी शिरूरकरांचं उदाहरण याहून कठीण. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आलं आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाची वाट पाहणाऱ्या मुलींच्या मनातलं कुणीतरी उघड लिहिलं होतं. ही विभावरी कोण, यावर तर्क चालले. त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, पुढे मालतीबाई बेडेकर. त्या शिक्षिका होत्या, मुलींच्या संस्थेत वावरल्या होत्या, आणि मुली त्यांच्याजवळ बोलत होत्या. ऐकलेलं जगासमोर मांडायचं तर सांगणाऱ्या मुलींना झाकायला हवं, आणि स्वतःलाही. टोपणनाव त्यांनी त्यासाठी घेतलं असेल असं मला वाटतं, निव्वळ भीतीपोटी नाही. मैत्रिणीचं गुपित सांभाळून तिचं दुःख मात्र सगळ्यांना कळवायचं, ही जोखीम उचलणारी बाई मला कुठल्याही कादंबरीतल्या मैत्रिणीपेक्षा मोठी वाटते.

बायकांनी एकत्र येऊन दुःखाशी दोन हात करायची गोष्ट आपल्या रंगभूमीने आणि सिनेमाने तर कादंबरीपेक्षाही ठसठशीत सांगितली आहे. प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ 1991 साली आलं. चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेल्या या नाटकात आई आणि तिच्या तीन मुली. तिघींच्या तीन अडचणी, आणि आईने आयुष्य काढलंय ते समाजाने न मानलेल्या नात्यात. एका घरात चौघी, पण कुणी कुणाचा निर्णय घेत नाही. आई मुलीला परत जा म्हणत नाही, सोड असंही म्हणत नाही. ती तिथे असते. हे नाटक तीस वर्षांनी, 2022 मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, आणि तरुण मुली त्याला जाऊन बसल्या.

मग ‘झिम्मा’. हेमंत ढोमे यांचा हा चित्रपट 19 नोव्हेंबर 2021 रोजी प्रदर्शित झाला. करोनाच्या टाळेबंदीनंतर चित्रपटगृहं नुकती उघडली होती, तीही निम्म्या खुर्च्यांवर. एकमेकींना न ओळखणाऱ्या सात बायका सहल कंपनीबरोबर इंग्लंडला जातात. गोष्ट एवढीच. त्या वेळी घराघरांत माणसं गेली होती, नोकऱ्या गेल्या होत्या, बायका दीड वर्ष स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या नव्हत्या. त्यांनी आई, बहिणी, जावा, शेजारणी असं जमवून हा सिनेमा पाहिला. दीडेक वर्षाने, 30 जून 2023 रोजी, केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. त्यात सहा बहिणी, एकमेकींशी फटकून असलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. त्या पावसाळ्यात नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळके थिएटरात शिरताना साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. समीक्षकांनी त्यातल्या सोप्या तोडग्यांवर बोट ठेवलं, आणि ते चुकीचं नव्हतं. पण मला त्या घोळक्यांचं अप्रूप वाटलं. एकट्या बाईने एकटीने पाहायचा हा सिनेमा नव्हताच. तिकीट काढण्याआधी कुणाला तरी फोन करावा लागत होता. पुष्कळ वर्षांनी एखाद्या बहिणीला, अबोला धरलेल्या नणंदेला तो फोन गेला असेल, तर पडद्यावर पुढे काय झालं हे दुय्यमच.

मंगळागौरीचे खेळ हेही याच जातीचे. झिम्मा, फुगडी, पिंगा तर आहेतच, पण सासू-सुनेचं भांडण आणि सवतींचं भांडणही तिथे खेळ म्हणून खेळतात. रात्रभर जागायचं, हसून लोटपोट व्हायचं, आणि दिवसा ज्याबद्दल ब्र काढता येत नाही ते दोघींनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणायचं. सासूही समोर बसून हसते. ज्या बायकांनी हे खेळ रचले त्यांना ठाऊक होतं की हसत सांगितलेलं ऐकून घेतलं जातं. आपल्या उन्हाळी कादंबरीतला हलकेपणा तिथून आलाय. तिला परक्या देशाकडून काही उसनं घ्यायची गरज पडलेली नाही.

परदेशात अशी पुस्तकं अर्थातच आहेत, आणि चांगली आहेत. एलिझाबेथ फॉन आर्निम यांची ‘दि एन्चांटेड एप्रिल’ ही 1922 सालची कादंबरी अजून वाचली जाते. लंडनच्या पावसाला आणि आपापल्या संसाराला कंटाळलेल्या चार बायका इटलीच्या किनाऱ्यावरचा एक छोटा किल्ला महिन्यासाठी भाड्याने घेतात. पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं. त्यांच्यातल्या दोघी क्लबमध्ये एकमेकींना फक्त चेहऱ्याने ओळखत असतात. वर्तमानपत्रातली एकच जाहिरात दोघी वाचत असतात आणि त्यांच्यातली भित्री बाई धीर करून दुसरीशी बोलते. मला त्या पुस्तकातली बाग, समुद्र, फुलं यापेक्षा तो प्रसंग थोर वाटतो. किल्ला नंतर. अनोळखी बाईशी बोलायचं धाडस आधी.

पनवेलला हे मी मुद्दाम सांगते, कारण आपलं गाव आता अनोळखी बायकांचं गाव झालंय. जुन्या पनवेलमध्ये आळ्या होत्या, वाडे होते, कुणाच्या घरात काय चाललंय हे चार घरांना कळायचं. त्याचा जाच होता, आधारही होता. सिडको आली, नवीन पनवेल वसलं, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर वाढत गेली. 1852 पासूनची नगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 ला महानगरपालिका झाली, आणि आता शेजारी विमानतळही सुरू झालाय. सातारा, जळगाव, लातूर, बेळगाव, कुठून कुठून मुली लग्न करून किंवा नोकरीला इथे आल्या. माहेर रात्रभराच्या एसटीवर. सासर कधी शेजारच्या खोलीत, कधी गावी. सातव्या मजल्यावर बंद दारामागे तान्हं बाळ घेऊन बसलेली, कुणाचंच नाव ठाऊक नसलेली मुलगी प्रत्येक इमारतीत एक तरी असते. कादंबरीत अशा मुलीच्या दारावर तिसऱ्या प्रकरणात कुणीतरी येतं. इमारतीत कधी कधी वर्ष उलटतं.

ही गोष्ट किती जड होऊ शकते हेही विसरून चालणार नाही. 1982 साली पुण्यात दोन विवाहितांच्या मृत्यूंनी लोक हादरले. त्या अस्वस्थतेतून नारी समता मंच उभा राहिला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन तयार झालं. त्या दोघींतल्या एकीने, मंजुश्रीने, बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा म्हणून गेली. तिने लिहिलं होतं. कुणाला तरी सांगितलं होतं. खटल्याचा निकाल काय लागला हा कायद्याचा भाग, न्यायालयाने पुराव्यांवर तो दिला. मला अस्वस्थ करतात ती टपालाने गेलेली पत्रं. पत्र पोहोचणं आणि माणूस पोहोचणं यात केवढं अंतर असतं. उन्हाळी कादंबरी आणि शोकांतिका यांत मला दिसणारा फरक पुष्कळदा एवढाच असतो की पहिलीत मैत्रीण वेळेवर येते.

विद्याताई बाळांनी हे ओळखलं होतं. किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकाचं संपादन करताना वाचकांच्या पत्रांतून बायकांची आयुष्यं त्यांच्यापुढे उलगडत गेली. नारी समता मंचाच्या ‘बोलते व्हा’ केंद्रात समोर बसून ऐकण्याचं काम झालं. ऑगस्ट 1989 मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. विद्याताई 30 जानेवारी 2020 रोजी गेल्या, मासिक चालू आहे. बाईने बोलावं म्हणून केंद्र, मासिक, गट, असं काहीतरी उभं करावं लागतं. नुसतं ‘मनमोकळं बोल’ म्हणून कुणी बोलत नाही.

प्रत्येकीला केंद्र काढता येणार नाही. म्हणूनच कादंबरीतल्या मैत्रिणी काय करतात ते बारकाईने वाचावंसं वाटतं. त्या मोठं काही करत नाहीत. दुसरीच्या मुलांना शाळेतून आणतात आणि रात्रीपर्यंत ठेवून घेतात. डब्यात भाजी देतात आणि डबा परत मागत नाहीत. दवाखान्यात सोबत जातात, आत डॉक्टर काय म्हणाले हे बाहेर कुणाला सांगत नाहीत. पाच हजार रुपये हातात ठेवतात आणि महिनाअखेर आठवण काढत नाहीत. घराची एक किल्ली आपल्याकडे ठेवतात. कागद हरवू नयेत म्हणून जन्माचा दाखला, पासबुक, आधार कार्ड यांच्या झेरॉक्स आपल्या कपाटात ठेवतात. आणि वेळ आलीच तर रात्री दोन वाजता रिक्षातून उतरलेल्या बाईला एवढंच म्हणतात, ‘ये, आत ये.’ काय झालं हे सकाळी विचारतात. बचत गटातल्या बायकांना हे सगळं पुस्तकाशिवाय येतं. गटाच्या बैठकीला एखादी आली नाही, तर हप्त्याच्या निमित्ताने कुणीतरी तिच्या घरी जातं, आणि त्या जाण्यात पुष्कळदा हप्ता ही सगळ्यात छोटी गोष्ट असते.

मार बसत असेल, जिवाला धोका असेल, तर मैत्रीण पुरत नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. तिथे 181 ही महिला हेल्पलाइन आहे, 112 आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. मैत्रिणीने तिथे फोन लावून द्यावा, जोडीला बसावं. समजूत घालून परत पाठवू नये. कादंबऱ्यांत या पायऱ्या फार लवकर संपतात, पान उलटलं की वकील, पान उलटलं की नवीन घर. लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं अशी माझी मनापासून मागणी आहे. पोलीस चौकीतला बाक, तारखेला जाण्यासाठी घ्यावी लागणारी रजा, तिथे शेजारी बसून बिस्किटाचा पुडा फोडणारी मैत्रीण, हे लिहिलं तर पुस्तक जड होणार नाही. वाचणारीला तिथे काय असतं ते आधी ठाऊक होईल आणि तिची भीती थोडी कमी होईल.

आणखी एका बाईबद्दल या पुस्तकांनी लिहायला हवं. वेळेवर येते ती. प्रत्येक गोष्टीत एक असतेच. थोडी मोठी, बोलकी, हातात बरकत असलेली. सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, सगळ्यांच्या आजारपणात ती, सगळ्यांच्या मुलांच्या परीक्षा तिला पाठ. कादंबरी तिला फार तर एक प्रकरण देते आणि मग ती पुन्हा चहा टाकायला उठते. आपल्या आसपासही ती आहे. वडाळे तलावाच्या फेऱ्यांमध्ये तिला सगळ्या ओळखतात, डब्यात तिची जागा धरलेली असते, सोसायटीच्या व्हॉट्‌सअॅप ग्रुपवर पहिलं उत्तर तिचं असतं. तिला कसं आहेस विचारलं की ती मजेत म्हणते आणि लगेच आपल्याबद्दल विचारते, आणि आपल्याला आपलंच सांगायचं असतं म्हणून आपण सांगू लागतो. तिच्या घरी मात्र आपण क्वचितच गेलेलो असतो, कारण दर वेळी तीच आपल्याकडे आलेली असते.

या सुट्टीत अशी एखादी कादंबरी वाचून झाली, तर ती वाचनालयात परत करण्याआधी, किंवा स्वतःची असेल तर कपाटात ठेवण्याआधी, या बाईला वाचायला द्यावी. आठ-दहा दिवसांनी पुस्तक परत घ्यायच्या निमित्ताने तिच्या घरी जावं. जाताना चार जांभळं न्यावीत, ती चहा टाकायला उठली तर तिला बसवून आपण उठावं, आणि पुस्तक हातात मिळालं म्हणून लगेच निघू नये.